पहिलाच फॉर्मल ड्रेस स्वतः शिवताय? मग आधी जुनी चादर काढा

फॉर्मल ड्रेस म्हटलं की वाटतं, कापड भारी पाहिजे, वर्क पाहिजे आणि शिवणाऱ्याचा हात मुरलेला पाहिजे. मला नाही तसं वाटत. ड्रेस भारी दिसतो तो अंगावर नीट बसल्यामुळे आणि प्रत्येक शिवण इस्त्रीखालून गेल्यामुळे, आणि या दोन्ही गोष्टींना पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. त्यामुळे ज्यांच्याकडे पैसे कमी आणि हातात तीन-चार आठवडे आहेत त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय. मशीनवर सरळ टीप मारता येत असेल तर पुरे, बाकी करता करता येतं.

एक आधीच सांगते. माझ्या पहिल्या ड्रेसच्या वेळी मी छान चकचकीत सॅटिन आणलं आणि कागदावरच्या पॅटर्नवर विश्वास ठेवून थेट कात्री लावली. पाठीत ड्रेस इतका ओढत होता की हात पुढे करता येत नव्हता, आणि कापलेल्या कापडात वाढवायला काही उरलंच नव्हतं. सगळं कापड वाया गेलं. तेव्हापासून चांगल्या कापडाला कात्री लावायच्या आधी जुन्या चादरीचा एक कच्चा ड्रेस शिवायचा हा नियम मी मोडलेला नाही, आणि या लेखातलं एकच काही पाळणार असाल तर हेच पाळा.

डिझाइन कोणतं घ्यायचं

बिनबाह्यांचा, गोल किंवा बोट गळा (खांद्यांकडे रुंद, उथळ), वरचा भाग टक्स (टोकाकडे निमुळत्या शिवलेल्या चिमटी) घेऊन अंगासरशी, कमरेत जोड, खाली कळ्यांचा (वर अरुंद, खाली रुंद अशा तुकड्यांचा) लांब घेर, मागे चेन, आतून पूर्ण अस्तर. बास. बाही नसल्यामुळे मुंढ्यात बाही बसवायचा सगळ्यात त्रासाचा भाग टळतो. पहिल्या वेळी ऑफ शोल्डर किंवा पट्ट्यांशिवायचा ड्रेस नको, तो अंगावर टिकायला आतून बोनिंग (कडक उभ्या पट्ट्या) लागतं. अंब्रेला (गोलाकार कापलेला) घेरही नको, कारण त्याला कापड खूप लागतं आणि तिरक्या धाग्यावरचा भाग नंतर लोंबून खालची कड वरखाली होते. कळ्यांचं तसं नाही, कळ्या उलट्यासुलट्या लावून कापता येतात, म्हणून कमी कापडात चांगला घेर मिळतो.

कापड

नवशिक्यासाठी माझी पहिली पसंती मध्यम वजनाच्या पॉलिस्टर क्रेपला. स्वस्त मिळतं, पडतं छान, चुरगळत नाही आणि सॅटिनसारखं हातातून निसटत नाही. जाडसर कॉटन सॅटिनही चालेल, शिवायला सगळ्यात सोपं, फक्त बसून उठलं की चुण्या दिसतात. शिफॉन, जॉर्जेट, पातळ सॅटिन, मखमल हे पुढच्या वेळी. दुकानात कापड मुठीत दहा सेकंद घट्ट दाबा आणि सोडा, चुण्या राहिल्या तर कार्यक्रमातही राहणार. मग एक पदर उजेडासमोर धरा आणि खाली हात ठेवून बघा, बोटं स्पष्ट दिसली तर अस्तर त्याच रंगाचं घ्यावं लागेल. गडद एकरंगी कापड घेतलं तर टिपेतली लहानसहान चूक लपते, फिक्या सॅटिनवर तीच लांबून दिसते.

भाव मीटरवर बघू नका, पन्हा (कापडाची रुंदी) विचारा. ४४ इंच पन्ह्याचं कापड मीटरला स्वस्त वाटतं पण आपल्या ड्रेसला ते ३ मीटर लागतं, तेच ५८ इंच पन्ह्याचं अडीच मीटरमध्ये भागतं (हा हिशोब मध्यम मापाचा, खाली दिलाय). एकाच दिशेची प्रिंट असेल, किंवा हात फिरवल्यावर अथवा उलटं धरल्यावर चमक बदलत असेल, तर कळ्या उलट्यासुलट्या लावता येत नाहीत आणि ४४ पन्ह्यात तोच ड्रेस साडेतीन मीटरच्या पुढे जातो. हे घेतानाच लक्षात ठेवा.

पैसे कुठे वाचवायचे? अस्तराला साधं कॅम्ब्रिक चालतं, पॅटर्न फुकट मिळतो, मशीन कुणाकडून चार दिवस मागून आणता येतं. दोरा, सुई आणि चेन यात मात्र काटकसर नको. दोरा चांगला पॉलिस्टरचा, सुई नवी कोरी (मध्यम कापडाला १४ नंबर, हलक्याला ११), आणि चेन २२ इंची इनव्हिजिबल. बोथट सुईने क्रेपचे धागे ओढले जातात आणि शिवणीशेजारी बारीक रेघा उमटतात, त्या इस्त्रीने जात नाहीत.

कापड घरी आणलं की ते ड्रेस झाल्यावर जसं धुणार तसंच आधी धुवा. कॉटन, लिनन, व्हिस्कोस आटतात, आणि अस्तर आटलं पण वरचं कापड नाही आटलं तर पहिल्या धुण्यातच ड्रेस आतून ओढायला लागतो.

मापं

जे आतले कपडे कार्यक्रमात घालणार तेच घालून मापं घ्या, शक्यतो दुसऱ्याकडून घेऊन. छाती, कंबर, हिप, खांदा, मागे मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत, पुढे खांद्यापासून छातीवरून कमरेपर्यंत, आणि कमरेपासून जमिनीपर्यंत, हे शेवटचं त्या दिवशीची चप्पल किंवा सँडल पायात घालून. कंबर नक्की कुठे ते कळत नसेल तर एका बाजूला वाका, जिथे घडी पडते ती कंबर, तिथे एक नाडी बांधून ठेवा आणि वरखालची सगळी मापं त्या नाडीपासून घ्या. न ताणणाऱ्या कापडाला छातीत २ इंच, कमरेत १ इंच आणि हिपला किमान २ इंच ढिलाई धरायची.

वरच्या भागाचा पॅटर्न

टक्सवाल्या बिनबाह्यांच्या ड्रेसचे फुकट पीडीएफ पॅटर्न पुष्कळ मिळतात. निवडताना रेडिमेड कपड्याचा साइज विसरा, पॅटर्नच्या तक्त्यात स्वतःची छाती बघा. प्रिंट १०० टक्के स्केलवरच काढायची, पानात बसवण्याचा पर्याय बंद ठेवून, आणि सगळी पानं काढायच्या आधी ज्या पानावर तपासायचा चौकोन असतो तेवढं एकच काढून पट्टीने मोजा. तो एवढासा जरी लहान आला तरी ड्रेस एक साइज लहान होऊ शकतो. पॅटर्नमध्ये शिवणीची माया (टिपेबाहेर सोडायचं जादा कापड) धरलीय की नाही तेही वाचा. मी बाजूंना मुद्दाम १ इंच माया ठेवते, गळ्याला आणि मुंढ्याला मात्र पाव-पाऊण नाही, बरोबर अर्धा इंच, आणि मागच्या मधल्या कडेला चेनसाठी पाऊण इंच.

चादरीचा कच्चा ड्रेस

पॅटर्न लावून जुन्या चादरीतून वरचा भाग कापा, अस्तर वगैरे काही नाही, नुसते टक्स, खांदे, बाजू. मशीनचा टाका ४ ते ५ मिमी ठेवा म्हणजे उसवायला सोपं जातं. पाठीमागे चेनऐवजी टाचण्या लावायला कुणालातरी बोलवा. आणि आरशासमोर नुसतं उभं राहू नका, बसा, हात वर करा, पुढे करा, खोल श्वास घ्या.

आता सुरकुत्या वाचायच्या. आडव्या ताणलेल्या रेघा दिसल्या तर तिथे कापड कमी पडतंय, त्या शिवणी उसवून मायेतून सोडा. उभ्या सैल घड्या म्हणजे जास्त आहे, टाचणीने आत घ्या. छातीच्या टोकाकडे सगळीकडून रेघा धावत असतील तर टक्सचं टोक चुकीच्या जागी आहे, ते छातीच्या टोकापासून साधारण १ इंच अलीकडे संपायला हवं. मुंढ्याला छातीशेजारी कापड उघडं पडत असेल (हे खूप जणींचं होतं) तर तिथे बोटाने चिमूट घेऊन टाचणी लावा आणि तेवढं कापड पॅटर्नवर टक्समध्ये वळवा. गळा पुढे वाकल्यावर लटकत असेल तर गळ्यातच लहान चिमूट घ्या. पाठीत कमरेच्या वर आडवी घडी जमत असेल तर पाठीची लांबी जास्त आहे, मागे मध्यावर ती घडी टाचा आणि बाजूच्या शिवणीकडे शून्य करत न्या.

हे सगळं एका दिवसात जमत नाही. मला सहसा दोन फेऱ्या लागतात, कधी तीन. प्रत्येक बदल पेनाने चादरीवर लिहा, मग सगळं उसवा, इस्त्री करा आणि नवा पॅटर्न कागदावर उतरवून घ्या. हाच कागद वरच्या कापडाला आणि हाच अस्तराला.

कळ्यांचा हिशोब

घेराला विकतचा पॅटर्न लागतच नाही. समजा कंबर २९, त्यात १ इंच ढिलाई म्हणजे ३०, भागिले ६ कळ्या, प्रत्येक कळी वर ५ इंच. कमरेपासून लांबी ४० घेऊ. खाली किती रुंद? इथे बरेच जण मनाने आकडा घेतात आणि हिपला अडकतात. हिप कमरेखाली साधारण ८ इंचावर येतं, म्हणजे ४० इंचाचा पाचवा भाग. खाली १२ इंच घेतले तर ५ पासून १२ पर्यंत ७ इंचांची वाढ, तिचा पाचवा भाग १.४, म्हणजे हिपपाशी कळी ६.४ इंच, गुणिले ६, झाले ३८.४. हिप ३८ असेल तर हा ड्रेस बसताना चिकटणार. खाली १४ घेतले तर हिपपाशी ६.८, गुणिले ६, म्हणजे ४०.८, ढिलाई पावणेतीन इंचांच्या आसपास, मस्त. खालचा घेर ८४ इंच येतो, चालताना पायात अडकत नाही. तुमची मापं घालून हाच हिशोब करा, आणि ८ इंच हे माझं उदाहरण आहे, तुमचं कंबर ते हिप अंतर टेपने मोजा.

दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया धरली की कागदावर कळी वर ६, खाली १५. लांबीला वर अर्धा इंच आणि खाली दुमडायला १ इंच द्या. कळीच्या तिरक्या कडा मधल्या रेषेपेक्षा किंचित लांब भरतात, म्हणून कंबरेपासून मध्यावर आणि दोन्ही कडांना सारखीच लांबी मोजून खाली हलकी गोलाई द्या, नाहीतर प्रत्येक शिवणीपाशी खाली टोक लोंबतं.

तीन कळ्या पुढे, तीन मागे, म्हणजे वरच्या भागाची बाजूची शिवण आणि कळ्यांची शिवण एका रेषेत येते. मागची मधली कळी उभी अर्धी कापायची आणि दोन्ही अर्ध्या तुकड्यांना मध्ये पाऊण इंच माया वाढवायची, चेन तिथे येणार. ही मधली कड सरळ उभ्या धाग्यावर असते, त्यामुळे चेन लाटांसारखी फुगत नाही. तिरक्या कडेवर चेन लावून बघितलीय मी, कितीही इस्त्री करा, सरळ बसत नाही.

कापणं

कापड जमिनीवर पसरा, काठ सरळ ठेवा. कळीच्या मधोमध आखलेली रेघ काठापासून वर आणि खाली सारख्याच अंतरावर आहे ना ते टेपने मोजा, हे चुकलं तर घेर एका बाजूला फिरतो. ४४ पन्ह्यात एका ओळीत ३ कळ्या बसतात, मधली उलटी, अशा दोन ओळी, आणि वरचा भाग शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये. ५८ पन्ह्यात पहिल्या ओळीत ४, दुसऱ्या ओळीत २ आणि त्यांच्या शेजारी वरचा भाग. आधी सगळे तुकडे मांडून बघा, सगळे बसले की मगच कात्री. कापड निसटत असेल तर खाली पातळ कागद घाला आणि कागदासकट कापा. कमरेच्या, टक्सच्या आणि जोडाच्या खुणा खडूने लगेच करून घ्या.

शिवणं

उरलेल्या तुकड्यांवर आधी टीप मारून बघा, टाका २.५ मिमी, खालून लूप दिसतायत का ते बघून टेन्शन (दोऱ्याचा ताण) ठरवा. मग गळ्याच्या आणि मुंढ्याच्या कडेला मायेच्या आत एकेरी टीप मारून ठेवा म्हणजे हाताळताना ते ताणले जात नाहीत.

टक्स रुंद बाजूकडून टोकाकडे शिवायचे. टोकाला मशीन मागेपुढे करून लॉक करायचं नाही, त्याने तिथे गाठोडं होतं, दोरे लांब सोडून हाताने गाठ मारा. शेवटचे दोन-तीन टाके अगदी घडीच्या कडेवरून जाऊ द्या. छातीचे आडवे टक्स खाली झुकवून आणि कमरेचे उभे टक्स मध्याकडे झुकवून इस्त्री करा, खाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, कारण तिथे गोलाई हवीय, सपाट नको. इस्त्री सरकवायची नाही, उचलून ठेवायची. क्रेपवर वरून सुती फडकं घाला.

आता अस्तराचा भाग, यात एक युक्ती आहे. वरच्या कापडाचे खांदे जोडा, अस्तराचे खांदे जोडा, बाजू आणि मागचा मध्य दोन्हीचे उघडेच ठेवा. सुलटी बाजू सुलटीवर ठेवून गळ्याला आणि दोन्ही मुंढ्यांना टीप मारा, गळ्याची टीप मागे कडेपासून १ इंच अलीकडे थांबवा, चेनसाठी. माया पाव इंच करा, गोलाईत टिपेपर्यंत बारीक कट द्या पण टीप कापू नका. मग पाठीचा एकेक तुकडा खांद्याच्या बोगद्यातून पुढच्या बाजूने बाहेर ओढा. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, खांदा चार बोटांचा आणि त्यातून अख्खी पाठ कशी जाईल, पण जाते, आणि बाहेर आली की गळा आणि मुंढे एका झटक्यात सफाईदार तयार असतात, एकही टाका दिसत नाही. त्यानंतर बाजूची शिवण वरचं कापड आणि अस्तर मिळून एकाच सरळ रेषेत मारायची. गळ्याला अस्तराच्या बाजूने मायेवर एक बारीक टीप मारा, अस्तर बाहेर डोकावत नाही.

कळ्या खालून वरच्या दिशेने शिवा, रुंदीकडून अरुंदीकडे, म्हणजे तिरकी कड ताणली जात नाही. माया झिगझॅग करून दोन्हीकडे उघडून इस्त्री. अस्तराच्या कळ्या त्याच, फक्त लांबीला १ इंच कमी. दोन्हींचा मागचा मध्य उघडाच. मग वरचा भाग आणि घेर कमरेत जोडा, कापड कापडाला, अस्तर अस्तराला, बाजूच्या शिवणी आधी टाचून मग बाकीचं.

चेन

घाई इथे करायची नाही. मागच्या दोन्ही कडांना उलट्या बाजूने इस्त्रीने चिकटणाऱ्या कॅनव्हासची इंचभर पट्टी लावा. चेन उघडा आणि उलट्या बाजूने कोमट इस्त्रीने तिचे वळलेले दात सपाट करा. चेन फक्त वरच्या कापडाला लावायची, अस्तर बाजूला. एक पट्टी कडेला सुलटीवर पालथी ठेवून कच्चा टाका घाला, मग दातांच्या अगदी लगत मशीन चालवा. आता चेन बंद करा आणि कमरेची शिवण जिथे येते तिथे दुसऱ्या पट्टीवर खडूची खूण करा. चेन उघडा, ती खूण दुसऱ्या बाजूच्या कमरेच्या शिवणीवर बरोबर ठेवून कच्चा टाका, पुन्हा बंद करून बघा, आणि कमर एका रेषेत आली तरच मशीन. कमर एक सूत जरी वरखाली झाली तरी पाठीमागून पहिलं तेच दिसतं. चेनखालचा उरलेला भाग नंतर शिवा. अस्तराच्या कडा आत दुमडून चेनच्या पट्टीला हाताने टाका. मशीनवर चेन जमतच नसेल तर साधी चेन हाताने बारीक उलटटाक्याने लावा, उंची कपड्यांतही चेन अशी लावतात, आणि ती सुंदर दिसते.

खालची कड

ड्रेस हँगरला किमान एक दिवस टांगून ठेवा. मग त्या दिवशीच्या सँडल घालून सरळ उभं राहायचं आणि दुसऱ्याने जमिनीवर पट्टी उभी धरून गोल फिरत सारख्या उंचीवर टाचण्या लावायच्या, तुम्ही खाली बघायचं नाही, वाकलं की माप बदलतं. लांब ड्रेस जमिनीपासून अर्धा ते पाऊण इंच वर. दुमड अर्ध्या इंचाची दोनदा, गोलाईवर याहून रुंद दुमड सुरकुतते. सुलटीकडचा एकच धागा सुईत घेत हाताने तुरपाई करा, ८४ इंचांना एक संध्याकाळ जाते. अस्तराची कड मशीनवर चालेल.

राहिलं चेनच्या टोकावर एक लहान हूक, गळ्याचा सोडलेला इंच हाताने बंद करणं, लोंबते दोरे कापणं आणि सुती फडक्याखालून एक शेवटची इस्त्री. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ड्रेस घालून घरात तासभर वावरा, जिने चढा, खुर्चीत बसा, काही टोचत-ओढत असेल तर हातात अजून एक दिवस असतो. आणि त्या दिवशी पर्समध्ये त्याच रंगाचा दोरा ओवलेली सुई आणि दोन टाचण्या टाका.